छापून आले म्हणून

आमची आत्या उमेळ्यात राहते. नायगाव स्थानकाच्या पश्चिमेला, ज्या बाजूला काही वाड्यांतून अजून केळी आणि नारळ उरले आहेत, तिथे तिचे जुने कौलारू घर आहे. वय ७८. सकाळी ओटीवर वर्तमानपत्र पडल्याचा आवाज आला, की मगच तिचा दुसरा चहा होतो. आतोबा होते तेव्हा ते मोठ्याने वाचत आणि ती भाजी निवडत ऐके. ते गेल्यापासून ती स्वतः वाचते. पहिल्या पानावरच्या तारखेपासून शेवटच्या पानाच्या तळाशी असलेल्या मुद्रक-प्रकाशकाच्या ओळीपर्यंत.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात तिच्या सुनेचा फोन आला. "भावोजी, आईंच्या पायाला चप्पल लागून जखम झालीय. तीन आठवडे झाले, भरतच नाही." उजव्या पायाची करंगळी काळसर पडली होती. दवाखान्यात रक्त तपासले, तेव्हा उपाशीपोटीची साखर २८० निघाली. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी आधीच्या वेळी ७.२ होती, ती आता ११.४ वर गेली होती. डॉक्टरांनी विचारले, "गोळ्या नियमित घेता ना, आजी?" आत्या खाली बघत राहिली. गोळ्यांची पाकिटे सुनेने दर महिन्याला आणली होती आणि ती डब्यातून कमीही होत होती. पुढे कळले, की सकाळची गोळी ती हातात घेई आणि तुळशीच्या कुंडीत टाकी.

घरी आल्यावर तिने भिंतीवरच्या कालनिर्णयामागे खोचून ठेवलेले एक कात्रण काढून दिले. अर्धे पान होते. वर ठळक मथळा, खाली दोन ओळींचा उपमथळा, मग "मुंबई, प्रतिनिधी" अशी सुरुवात. पांढऱ्या कोटातल्या एका गृहस्थांचे छायाचित्र, गळ्यात स्टेथोस्कोप. मजकुरात वनौषधींवरील अनेक वर्षांचे संशोधन, चकित झालेले परदेशी तज्ज्ञ, इन्सुलिनपासून सुटका झालेले रुग्ण आणि त्यांची मनोगते. अक्षराचा आकार तोच, रकान्यांची रुंदी तीच, कागद तर तोच. अगदी शेवटच्या ओळीत एक भ्रमणध्वनी क्रमांक आणि 'घरपोच सेवा'. उजव्या वरच्या कोपऱ्यात, चौकटीच्या रेषेला चिकटून, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक शब्द होता. भिंग लावल्यावर तो मला वाचता आला : जाहिरात.

त्या क्रमांकावर आत्याने फोन केला होता. साडेसात हजार रुपयांचा तीन महिन्यांचा 'कोर्स' तिने स्वतःच्या साठवणीतून मागवला होता. फोनवरच्या गोड आवाजाने तिला सांगितले होते, की आमचे चूर्ण चालू असताना बाकीच्या गोळ्या घेतल्यास गुण येणार नाही.

मी चिडलो. बोलू नये ते बोललो. आत्या एवढेच म्हणाली, "अरे, पेपरात आलं होतं. कुणी रस्त्यावर ओरडून थोडंच सांगितलं?"

या वाक्याने मला थोपवले. आत्या भोळी नाही. दारावर येणारा ताईत-अंगठीवाला तिने आयुष्यभर परतवून लावला आहे. भ्रमणध्वनीवर येणारे लॉटरीचे निरोप ती न उघडता पुसते. कोणत्या वस्तूवर संशय घ्यायचा, याचे तिचे शहाणपण पक्के आहे; पण त्या शहाणपणात वर्तमानपत्र संशयाच्या यादीत कधीच नव्हते. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले. तेव्हापासून मराठी घरात छापील शब्दाला जे वजन आले, ते फुकट आलेले नाही. अग्रलेखापायी संपादक तुरुंगात गेले. पुढच्या काळात गोविंद तळवलकरांसारख्या संपादकांचे लेख कापून वह्यांत चिकटवणारी एक पिढी होती. आमचे आतोबा त्यांतलेच. 'पेपरात आले आहे' म्हणजे कुणीतरी जबाबदार माणसाने ते तपासले आहे, असा तिचा अर्थ होता. तो अर्थ आत्याने मनाने बनवला नव्हता, वर्तमानपत्रांनीच तो कमावला होता. जाहिरातदार मोल मोजतो ते याच विश्वासाचे. कागदाची आणि शाईची किंमत त्यापुढे क्षुल्लक असते. साध्या, उघड जाहिरातीला आत्याने फसवून घेतले नसते. म्हणूनच तिला बातमीचे लुगडे नेसवावे लागले.

औषधांची जाहिरात ही काही आजची गोष्ट नव्हे आणि ती मुळात पापही नव्हे. काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन सुरू केले आणि त्या बामच्या कमाईतून पुढे मुंबईतच 'आंध्रपत्रिका' हे तेलुगू नियतकालिक काढले. वेदनाशामकाच्या बाटलीने पत्रकारितेला आधार दिल्याचे हे उदाहरण मला फार आवडते. जुन्या मराठी अंकांतही टॉनिके, काढे आणि मलमे यांच्या जाहिराती भरलेल्या असत. पण त्यांना स्वतःची चौकट असे, वेगळा टाईप असे आणि बाटलीचे चित्र असे. ती जाहिरात आहे हे लहान मुलालाही कळे. अतिशयोक्ती तेव्हाही होती, वेषांतर सहसा नव्हते.

हे वेषांतर आपल्याकडे किती सराईत झाले आहे, ते देशाला कळले तेही महाराष्ट्रातूनच, आणि आरोग्याच्या नव्हे तर राजकारणाच्या पानावरून. ऑक्टोबर २००९ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. त्या काळात तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारी पानेच्या पाने मराठी दैनिकांत आली. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी ती गोळा केली आणि 'द हिंदू'मध्ये दाखवून दिले, की एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन मोठ्या दैनिकांत एकच मजकूर शब्दशः सारखा छापला गेला होता. तीन वेगवेगळ्या वार्ताहरांना एकच वाक्य एकाच क्रमाने सुचावे, हा योगायोग मानणे कठीण होते. उमेदवाराच्या खर्चाच्या हिशेबात वर्तमानपत्रांतील जाहिरातींवर दाखवलेली रक्कम होती ५,३७९ रुपये. तेव्हापासून 'पेड न्यूज' आणि 'पॅकेज' हे शब्द आपल्या बोलण्यात रुळले.

पुढे काय झाले? चव्हाण यांनी पैसे दिल्याचा आरोप नाकारला. निवडणूक आयोगाने जुलै २०१४ मध्ये त्यांच्याविरुद्ध निष्कर्ष काढला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो रद्द केला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कुणावरच दोष उरला नाही. दरम्यान भारतीय वृत्तपत्र परिषदेने दोन सदस्यांची उपसमिती नेमली होती. परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी ७१ पानांचा अहवाल लिहिला आणि त्यात वृत्तपत्रांची नावे घेतली. परिषदेने २०१० मध्ये प्रसिद्ध केला तो त्याचा सारांश, नावे गाळून. मूळ अहवाल लोकांसमोर यायला माहिती आयोगाचा आदेश लागला आणि २०११ उजाडले. पत्रांच्या शिखरसंस्थेला स्वतःच्या घरातली बातमी छापता आली नाही, हे मला त्या सगळ्या प्रकरणातले सर्वांत लाजिरवाणे पान वाटते.

निवडणुकीच्या बातमीला निदान विरोधी उमेदवार असतो. तो कात्रणे गोळा करतो, तक्रार करतो. आरोग्याच्या बनावट बातमीला विरोधी उमेदवार कुणीच नसतो. असतो तो एकटा रुग्ण, आणि तो बहुधा शरमेने गप्प बसतो.

कायदा मात्र आहे, आणि तो जुना आहे. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४. त्याच्या परिशिष्टात ५४ व्याधींची यादी आहे. मधुमेह, उच्च आणि कमी रक्तदाब, हृदयविकार, कर्करोग, मोतीबिंदू, काचबिंदू, बहिरेपणा, पक्षाघात, संधिवात, मूतखडा, प्रोस्टेट ग्रंथीचे विकार, लठ्ठपणा. ही यादी वाचताना वाटते, की कुणीतरी आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांची औषधांची फाईल समोर ठेवूनच ती लिहिली असावी. या व्याधी अमुक औषधाने बऱ्या होतात किंवा टळतात, असे सुचवणारी जाहिरात सर्वसामान्य वाचकांसाठी करताच येत नाही. मग ते औषध कोणत्याही पद्धतीचे असो. ती प्रसिद्ध करण्यात कुणीही कोणताही भाग घ्यायचा नाही, असे कायद्याचे शब्द आहेत आणि छापणे हा त्यातलाच भाग. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, वा दोन्ही. जाहिरात कशाला म्हणावे, तेही या कायद्याने फार विस्ताराने सांगितले आहे : सूचनापत्र, वेष्टन, चिठ्ठी, तोंडी घोषणा आणि प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांतून केलेली घोषणासुद्धा. धुराने आकाशात लिहिलेल्या जाहिरातीचा विचार करणाऱ्या त्या कायदेकारांनी 'मुंबई, प्रतिनिधी' अशी सुरुवात करणाऱ्या जाहिरातीची कल्पना केली होती की नाही, कोण जाणे. व्याख्या मात्र तिलाही पुरून उरते.

पण कायदा असणे आणि तो चालणे यांत उमेळे आणि दिल्लीएवढे अंतर असते. पतंजली आयुर्वेदच्या जाहिरातींविरुद्ध भारतीय वैद्यक संघटनेने २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने ताकीद दिली, फेब्रुवारी २०२४ मध्ये अवमानाची नोटीस काढली आणि एप्रिलमध्ये कंपनीने ६७ वर्तमानपत्रांत माफीनामा छापला. तो पाहून न्यायमूर्तींनी विचारले, की माफीचा आकार तुमच्या जाहिरातींएवढाच आहे का? त्यानंतर मोठ्या आकाराचा माफीनामा छापून आला. हा प्रश्न प्रत्येक संपादकाने आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवण्यासारखा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये माफी स्वीकारून अवमानाचे प्रकरण बंद झाले आणि पुढच्या वर्षी मूळ याचिकाही निकाली निघाली. लक्षात घ्या, त्या उघड जाहिराती होत्या. त्यांच्यावर उत्पादकाचे नाव होते. तरीही एका राष्ट्रीय संघटनेला त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. बातमीच्या आडून आलेल्या अर्ध्या पानाच्या मागे कोण धावणार?

दूरचित्रवाणीवर तर याहून सरळ मामला आहे. सकाळच्या आणि दुपारच्या निवांत वेळा वाहिन्या विकतात. निवेदिका प्रश्न विचारते, 'डॉक्टर' उत्तरे देतात, प्रेक्षकांचे फोन येतात, पडद्याच्या तळाशी क्रमांक सरकत राहतो. दुपारी घरात एकट्या असलेल्या माणसासाठीच ही वेळ निवडलेली असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये चमत्कारी यंत्रे विकणाऱ्या अशा दूरचित्रवाणी जाहिराती राज्याच्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. यंत्रांपुरते ते झाले. चूर्णे आणि तेले अजून रोज दुपारी येतात.

आत्याच्या बाबतीत मला सर्वांत जास्त विचार करायला लावले ते दुसऱ्याच एका गोष्टीने. चूर्ण घेतल्यावर पहिला महिनाभर तिला खरोखर बरे वाटत होते. हे खोटे नव्हते. शरीर अशा वेळी जाहिरातदाराच्या बाजूने साक्ष देते. मधुमेहाच्या गोळ्या थांबवल्या, की दुसऱ्या दिवशी काही दुखत नाही. उलट गोळ्यांमुळे होणारी पोटातली मळमळ थांबली, तर माणसाला हलकेच वाटते. रक्तदाबाचेही तसेच; १८० झाला तरी कित्येकांना काही जाणवत नाही. गुडघेदुखी मुळातच चढ-उताराची असते. दुखणे शिगेला पोचले की माणूस फोन फिरवतो, आणि नंतरचा उतार आपोआप आलेला असला तरी श्रेय तेलाला जाते. काही तथाकथित वनौषधी चूर्णांत स्टेरॉइड किंवा साखर उतरवणारी आधुनिक औषधेच न सांगता मिसळल्याची उदाहरणेही तपासण्यांत सापडली आहेत. तिथे तर गुण लगेच दिसतो आणि हाडे, मूत्रपिंडे, साखर यांवर त्याची वसुली नंतर होते. "मला गुण आला" असे घरातील वडीलधारे सांगतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात, हे सांभाळणाऱ्यांनी आधी मान्य करावे.

मला ते त्या दिवशी सुचले नाही. माझ्या रागाचा परिणाम असा झाला, की आत्या दोन दिवस कुणाशी बोलली नाही आणि चूर्णाचा उरलेला डबा तिने लपवून ठेवला. तो बाहेर काढला तिच्या सुनेने, आणि तोही न भांडता. रोज सकाळी जखमेची पट्टी बदलताना ती आत्याला म्हणे, "आई, ते कात्रण द्या ना, मलाही वाचायचंय." दोघींनी ते एकत्र वाचले. सुनेने फक्त प्रश्न विचारले. बातमी लिहिणाऱ्याचे नाव कुठे आहे? हे संशोधन कोणत्या रुग्णालयात झाले? डॉक्टरांची पदवी कोणती, आणि नोंदणी क्रमांक? ज्या रुग्णाची साखर गेली तो कुठल्या गावचा? दुष्परिणामाविषयी एकही ओळ कशी नाही? आणि बातमीच्या शेवटी फोन नंबर कशाला? शेवटच्या प्रश्नाला आत्या हसली. "खरंच गं, निधनवार्तेखाली सोडून नंबर कुठे असतो?"

हे प्रश्न आपणही आपल्या घरी विचारून पाहावेत. 'जाहिरात' हा सरळ शब्द आता वर्तमानपत्रांनाही नकोसा झाला आहे. त्याच्या जागी 'इम्पॅक्ट फीचर', 'ब्रँड स्टोरी', 'कन्झ्युमर कनेक्ट इनिशिएटिव्ह', 'प्रायोजित' अशी बिरुदे येतात, आणि मराठी पानावरसुद्धा ती पुष्कळदा इंग्रजीत असतात. त्यांचा अर्थ एकच : या मजकुराचे पैसे मिळाले आहेत. वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेनुसार जाहिरात ही बातमीहून स्पष्टपणे वेगळी दिसली पाहिजे. वाचकाला भिंग लागत असेल, तर तो निकष पाळला गेला नाही असे खुशाल समजावे. आतल्या पानाच्या तळाशी बहुधा आणखी एक बारीक ओळ असते : जाहिरातींतील दाव्यांची खातरजमा वाचकांनी स्वतः करावी. ७८ वर्षांच्या बाईने मधुमेहावरील संशोधनाची खातरजमा कशी करावी, हे त्या ओळीत लिहिलेले नसते.

असे काही आढळले, तर तारखेसह पूर्ण पान जपून ठेवावे, नुसते कात्रण नव्हे. वेष्टन आणि पावती टाकू नये. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. मुंबईतील भारतीय जाहिरात मानक परिषद वाचकांच्या तक्रारी ऐकते, आणि वृत्तपत्राविरुद्धची तक्रार वृत्तपत्र परिषदेकडे जाते. या मार्गांनी साडेसात हजार परत मिळतील असे मी म्हणणार नाही. आत्याचे मिळाले नाहीत. मात्र संपादकाला पोस्टकार्ड जरूर लिहावे. जुन्या वाचकाच्या हस्ताक्षरातले पत्र अजूनही कार्यालयात वाचले जाते, असा माझा अनुभव आहे. आणि या सगळ्याच्या आधी एक करायचे : चालू असलेली गोळी कोणत्याही छापील मजकुरावरून थांबवायची नाही. थांबवलेली असेल, तर न रागावता डॉक्टरांना सांगायचे. किती दिवस थांबवली आणि त्या काळात दुसरे काय घेतले, तेही सांगायचे. कारण पुढच्या उपचाराची मात्रा त्यावरून ठरते.

आमच्या या पाक्षिकालाही जाहिराती लागतात, हे लपवण्यात अर्थ नाही. मागच्या पानावर जे छापले जाते, त्याला आपण हेच प्रश्न विचारावेत. या लेखालाही विचारावेत.

करंगळी वाचली. सात आठवडे पट्टी करावी लागली, काही महिने इन्सुलिन घ्यावे लागले, मग पुन्हा गोळ्यांवर आले. आता उमेळ्यात गेलो, की आत्या पेपर पुढे करते. सांधेदुखीवरचे एखादे पान असले, तर भिंग घेऊन कोपरे तपासते. परवा तिला तो शब्द कुठेच सापडला नाही. चारी कोपरे पाहून झाल्यावर तिने मला विचारले, "इथे जाहिरात लिहिलेलंच नाही रे. मग ही खरी बातमी का?" मी पान वाचले. लिहिणाऱ्याचे नाव नव्हते आणि शेवटी दहा आकडी क्रमांक होता. मी तो तिला दाखवला. तिने चष्मा पुसला, पानाची तारीख पेनने ठळक केली आणि सुनेला हाक मारून पोस्टकार्ड आणायला सांगितले.